पाणी प्यालेल्या टाइल्स

पिरनवाडी, बेळगाव
ता. ११ जानेवारी १९८७

ती. आप्पा व ती. काकी यांना,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

मी येथे खुशाल आहे. आपली सर्वांची खुशाली कळावी. मागच्या दोन पत्रांना सुनंदाआक्काचे उत्तर आले, पण त्यात आप्पांचा एकही शब्द नव्हता. म्हणून हे पत्र आप्पांच्याच नावाने लिहीत आहे. आक्काने ते त्यांना सावकाश वाचून दाखवावे.

बातमी अशी की मी ठेकेदाराकडचे काम सोडले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या अंगावर काम घेतले आहे. टिळकवाडीत गोपाळराव वकील म्हणून आहेत, त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतींना टाइल्स बसवायच्या आहेत. त्यांची मुलगी विद्युल्लता मुंबईस असते. ती पहिल्या बाळंतपणासाठी फाल्गुनात माहेरी येणार. तिच्या आणि बाळाच्या अंघोळीला न्हाणीघर स्वच्छ, कोरडे आणि उजेडाचे असावे, अशी वकीलीणबाईंची इच्छा आहे. जुन्या भिंतीचा गिलावा ओल धरून काळा पडला आहे.

टाइल्स पांढऱ्या आहेत, आणि मध्ये हिरव्या वेलीची एक पट्टी आहे. ती पट्टी आता दुकानात मिळत नाही, हे मी दोन ठिकाणी विचारून आलो. म्हणजे एक जरी फुटली तर जोड नाही. रात्री तेच डोक्यात येते.

आणखी एक नवीन गोष्ट. वकीलसाहेबांचे जावई शरदराव यांनी मुंबईहून टाइल्स चिकटवायची पावडर पाठवली आहे. तिच्यात वाळू घालायची नाही, सिमेंट घालायचे नाही, चुना तर नाहीच. नुसत्या पाण्यात कालवायची आणि दात असलेल्या थापीने भिंतीवर ओढायची. शरदराव मध्यंतरी येऊन गेले, तेव्हा पाणी किती, मसाला किती वेळात घट्ट होतो, भिंत किती दिवस तशीच ठेवायची, हे सगळे मी त्यांना विचारून घेतले. ते हसून म्हणाले, मुलाखतीला आल्यासारखे वाटते.

उद्या पहिली ओळ लावायची आहे. टाइल्स मात्र मी आदल्या संध्याकाळीच पिपात भिजत घातल्या आहेत. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी पिऊ द्यायचे, हे आपण शिकवले तसेच.

हे काम नीट झाले तर वकीलसाहेब त्यांच्या ओळखीत आणखी दोन घरी माझे नाव सांगणार आहेत. बिघडले तर मला पुन्हा त्या ठेकेदाराच्या दारात उभे राहावे लागेल. निघताना तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की शिमग्याच्या आत हा परत येतो का नाही बघा.

वडील गेल्यावर आपण मला पोटच्या पोरासारखे वाढवले आणि हातात थापी दिली. पहिल्या कामाला आपला आशीर्वाद असावा एवढीच इच्छा आहे. काकींनी विड्या वळताना कंदिलाजवळ फार वाकून बसू नये. उत्तराची वाट पाहतो, माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
कृष्णात

*

निपाणी
ता. १९ जानेवारी १९८७

चि. कृष्णात यास,
सुनंदाआक्काचा अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र पोचले. सांगितल्याप्रमाणे सावकाश वाचले. इतके सावकाश, की मध्ये आई उठून भाकरी उलटून आली. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. झाल्यावर मी पेन हातात घेऊन विचारले, काय लिहू. म्हणाले, लिव्हायसारखं काय न्हाय. तेव्हा हे उत्तरही माझेच समज.

तू मनाला लावून घेशील हे ठाऊक आहे, म्हणून खरे काय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी तू बेळगावला गेलास तेव्हा आप्पा चिकोडीच्या कामावर होते. घरी आले तर खुंटीवर तुझी थापी नव्हती. तू आईला सांगून गेलास, मला सांगून गेलास, त्यांना चिठ्ठी ठेवून गेलास. ज्याला वाचता येत नाही त्याला चिठ्ठी. मीच ती वाचून दाखवली. तेव्हापासून त्यांचा समज असा की पोराला चुन्याची लाज वाटली आणि शिकवलेले सगळे तो निपाणीच्या स्टँडवर टाकून गेला.

मी त्यांना समजावले, चुन्याची कामे उरली कुठे, पोराने काय करावे. त्यांना ते पटतेही. पण पटणे वेगळे आणि बोलणे वेगळे. घरामागच्या हौदात अजून चुना मुरत पडलेला आहे. रोज सकाळी त्यावर कळशीभर पाणी ओततात. शेजारचा नागोजी विचारतो, कुणाच्या लग्नाला राखलाय हा चुना. ते आणखी एक कळशी ओततात.

आई विचारते, जेवतोस कुठे आणि काय. खाणावळीच्या आमटीत पाणीच असणार असे तिचे म्हणणे. माझ्या शाळेत यंदा पहिलीत इतकी मुले आली आहेत की दारापर्यंत बसवावी लागतात. तुझे अक्षर मी वर्गात दाखवते आणि सांगते, हा मुलगा आठवीत शाळा सोडून गेला तरी बघा. मग एक मुलगी म्हणाली, मग आम्ही पण सोडतो. आता दाखवत नाही.

काम जपून कर, आणि जपण्याच्या नादात जेवण विसरू नकोस. आठवण धरून राहावे.

तुझी,
सुनंदाआक्का

*

पिरनवाडी
ता. ४ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र फक्त तुला. आप्पांना वाचून दाखवू नये.

काम पुरे झाले. वेलीची पट्टी चारी भिंतींवर ओळंबा आणि पाण्याची नळी लावून अशी नेली आहे की कोपऱ्यात पानाला पान मिळते. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पाहिले, परत लावून पाहिले आणि चांगले आहे म्हणाले. मी त्यांना भिंत महिनाभर वापरू नका असे सांगितले. ते म्हणाले, पंधरा दिवस पुरे असे जावई सांगून गेलेत.

पण एक गोष्ट मनाला खाते. शेवटच्या दिवशी खिडकीखालचा थोडा तुकडा उरला होता. पिपातल्या भिजवलेल्या टाइल्स संपल्या. उजेड जात होता आणि घमेल्यात कालवलेली पावडर घट्ट व्हायला लागली होती. तेव्हा मी खोक्यातल्या पाच-सहा टाइल्स तशाच कोरड्या उचलल्या आणि लावून टाकल्या. न भिजवता. आप्पांनी पाहिले असते तर थापी काढून घेतली असती.

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. काही ना काही निमित्त काढून वकीलसाहेबांकडे जातो आणि नाण्याने एकेक टाइल वाजवून पाहतो. भरीव असली तर टणक आवाज येतो, मागे पोकळी असली तर बद्द. खिडकीखालच्या तर मी पुन्हा पुन्हा वाजवतो. आवाज चांगला येतो, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. काल वकीलीणबाई म्हणाल्या, कृष्णात, टाइल्सना ताप आहे का बघतोस काय. मी लाजलो, पण वाजवायचे थांबवले नाही.

दुसऱ्या भिंतीवर दोन ठिकाणी आवाज थोडा मऊ वाटला. कदाचित माझा भास असेल.

काकींना सांग, आमटीत पाणी आहे हे खरे, पण भात चांगला असतो. तुझी सावली डोक्यावर असावी.

तुझा,
कृष्णात

*

पिरनवाडी
ता. २० फेब्रुवारी १९८७

ती. आप्पांना,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. भिंत पडली. म्हणजे भिंत उभी आहे, टाइल्स पडल्या.

परवा वकीलसाहेबांकडे पहिल्यांदा न्हाणीघरात बंब पेटवला. गरम पाणी काढले, वाफ झाली. दुपारी वरची एक ओळ खाली सरकली आणि सायंकाळपर्यंत पोपडा सुटावा तशा त्या सुटायला लागल्या. मला निरोप आला तसा धावत गेलो. सुटत आलेल्या मी हातानेच उतरवल्या, ओढायचीही गरज पडली नाही. मागच्या बाजू स्वच्छ होत्या, पावडर सगळी भिंतीला. कुणाला लागले नाही. खाली पोती अंथरलेली होती म्हणून थोड्याच फुटल्या, त्याही साध्या पांढऱ्या. वेलीच्या पट्टीतली एकही फुटली नाही. एवढेच काय ते बरे म्हणायचे.

मला कोणी बोलले नाही. वकीलीणबाई जावयाच्या पावडरीवर चिडल्या आहेत. त्या म्हणतात, मुंबईच्या लोकांना सगळे झटपट पाहिजे. मुलगी महिन्याच्या आत येणार. भिंत पूर्वीपेक्षा वाईट दिसते आहे.

आज रस्त्यात तो ठेकेदार भेटला. त्याला कुठून तरी कळले आहे. शिमगा जवळ आला एवढेच म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

आप्पा, पुढे काय करावे ते मला सुचत नाही. आपण बोलला नाहीत तरी चालेल, पण आक्काला दोन ओळी सांगाव्यात. मी आपलाच आहे हे मनात असू द्यावे.

आपला,
कृष्णात

*

निपाणी
ता. २५ फेब्रुवारी १९८७

चि. कृष्णात यास,
जयभीम व आशीर्वाद. खालचे आप्पा सांगत आहेत. एकही शब्द बदलायचा नाही अशी मला ताकीद आहे.

किस्ना, म्या ऐकलं. लई बरं झालं असं म्हणत न्हाय, पर लई वाईट झालं असंबी म्हणत न्हाय. पोतं फोडायचं, पाणी वतायचं आन् भिंतीला फासायचं, ह्याला काम म्हणत्यात व्हय? हे तर पोरीनं मेंदी काढल्यावानी झालं. चुन्याला मुरावं लागतंय. माणूस मुरतोय तवा कुठं चुना मुरतोय. त्या पावडरीनं माज्या पोराला फसवलं. तुजा हात वाईट न्हाय. तुजा हात म्या बघितलाय. ठेकेदाराच्या दारात जाऊ नगं. त्यापरीस घरला ये. आमटीत पाणी न्हाय हितं.

आप्पांचे संपले. आता माझे.

दोन वर्षांत ते एका दमात इतके बोललेले मी ऐकले नाही. तुझे पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले, आणि तिसऱ्यांदा स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात नागोजीसमोर वाचायला लावले. मी मास्तरीण, तिथे उभी राहून पत्र वाचतेय, आणि विड्या ओढणारे सगळे ऐकतायत. पावडर खोटी निघाली, पावडरीने पोराला फसवले, असे ते बाजारभर सांगत आहेत. तुझ्या संकटाने त्यांचा चेहरा उजळला हे लिहायला बरे वाटत नाही, पण तुला खोटे कसे सांगू. माझ्या मते त्यांना पावडर हरल्याचा आनंद कमी आहे. तुला दोष देण्याऐवजी कुणीतरी दुसरे दोषी सापडले, याचाच जास्त आहे.

आई म्हणते, यायचे तर ये, पण हरून आलो असे मनात आणून येऊ नकोस. लोभ आहेच, तो आटणार नाही.

सुनंदाआक्का

*

पिरनवाडी
ता. २ मार्च १९८७

ती. आप्पांना,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

आपला शब्द आला. ते पत्र मी उशाखाली ठेवले आहे. त्यामुळेच पुढचे लिहिणे अवघड जात आहे. कृपा करून शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

भिंत खरवडून साफ करायची म्हणून परवा मी उरलेल्या टाइल्स काढायला घेतल्या. सगळ्या निघाल्या, फक्त खिडकीखालच्या निघेनात. हाताने ओढल्या, थापी घातली, शेवटी छिन्नी लावली. एक जागच्या जागी फुटली, तिचे तुकडे झाले, पण तुकडेसुद्धा भिंत सोडायला तयार नव्हते.

आप्पा, त्या टाइल्स मी भिजवल्या नव्हत्या. उजेड जात होता म्हणून कोरड्याच लावल्या होत्या. आक्काला मी हे कळवले होते आणि आपल्यापासून लपवायला सांगितले होते, त्याबद्दल तिला बोलू नये. मी पालथ्या बादलीवर बसलो आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. जिथे मी हयगय केली तिथे टिकले, आणि जिथे जिवापाड जपून केले तिथे पडले.

मग माझ्या ध्यानात आले. आपल्या चुन्याच्या आणि सिमेंटच्या मालाला भिजलेली टाइल लागते, कारण कोरडी टाइल मालातले पाणी ओढून घेते. या पावडरीचे उलटे आहे. तिला टाइल कोरडी लागते. मी भिजवून लावलेल्या टाइल्सनी पिपातच पोटभर पाणी पिऊन घेतले होते. पावडरीला धरायला त्यांनी जागाच ठेवली नाही. शरदरावांना मी इतके विचारले, पण हे विचारले नाही. जेवायच्या आधी हात धुवायचे का, असे आपण कुणाला विचारत नाही, तसे. आणि एवढे विचारणारा गवंडी एवढे विचारायचे राहील, हे त्यांच्या मनात कसे यावे.

म्हणजे पावडर खोटी नव्हती. मी तसाच वकीलसाहेबांच्या बैठकीत गेलो आणि त्यांना व बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, मी जावयाला जन्मभर बोलले असते रे. वकीलसाहेबांनी विचारले की न सांगता राहिला असतास तर कुणाला कळले असते. मी म्हणालो, खिडकीखालच्या टाइल्सना. का कोण जाणे, त्यांना हसू आले. त्यांनी काम काढून घेतले नाही. पावडर आता संपली आहे, मुंबईहून यायला वेळ लागेल आणि मुलगी त्याआधी येईल. म्हणून ते म्हणाले, तुझ्या हाताला जे येते त्याने कर.

माझ्या हाताला जे येते ते आपले आहे. चाळलेली वाळू, मुरलेला चुना, गुळाचे पाणी आणि ताकदीपुरते सिमेंट. पण बेळगावात मुरलेला चुना मिळत नाही. दुकानात आहे तो कालचा विरवलेला, त्याने पुढे भिंतीला फोड येतील. आपल्या हौदातला थोडा मिळाला तर मी निपाणीस येऊन घेऊन जाईन.

आपण बाजारभर सांगितले की पावडरीने फसवले. आता मी आपल्याला चारचौघांत खोटे पाडत आहे. त्याची क्षमा असावी. रागावूनही उत्तर आले तर आनंदच होईल, पण उत्तर यावे.

आपला,
कृष्णात

*

निपाणी
ता. ६ मार्च १९८७

चि. कृष्णात यास,
आशीर्वाद व जयभीम.

तू चुना न्यायला येऊ नकोस. का ते सांगते.

पत्र वाचताना मी घाबरले होते. खिडकीखालच्या टाइल्सपर्यंत आले तेव्हा आप्पांनी हात वर करून थांबवले आणि मला मागे जायला सांगितले. भिजवल्याचे पुन्हा वाच म्हणाले. मी वाचले. मग मला खोदून विचारायला लागले की सगळ्या भिजवल्या होत्या का, आदल्या संध्याकाळीच का, बुडबुडे थांबेपर्यंत का. मी म्हटले, जानेवारीच्या पत्रातच तसे लिहिले होते, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यावर उठले आणि मागे हौदाशी जाऊन बसले. आई म्हणाली, जाऊ नको, बसू दे.

आत आले तेव्हा डोळे लाल होते. चुना डोळ्यात गेला म्हणाले. आई म्हणाली, ओला चुना डोळ्यात उडत नसतो. मग एकच वाक्य बोलले, ते तुला जसेच्या तसे लिहिते: "त्यानं काय टाकलं न्हाय गं, समदं संगं घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा त्याच हॉटेलात. नागोजीला सांगितले की पावडर चांगली आहे, आपल्या पोराने टाइल्स भिजवल्या म्हणून पडल्या. नागोजी काय सोडतो. म्हणाला, म्हंजे भीमाप्पा, चूक मास्तरची निघाली की. आप्पा म्हणाले, व्हय, माजीच, आणि त्यालाच चहा पाजला.

चुना तेलाच्या डब्यांत भरून वर ओले गोणपाट बांधले आहे. सोमवारच्या पहिल्या गाडीने आप्पा स्वतः घेऊन येत आहेत. स्टँडवर उभा राहा. ते म्हणतात की फक्त डबे पोचवून परत येणार. पण आईने त्यांच्या पिशवीत दोन धोतरे, थापी, गुण्या आणि ओळंबा पाहिला आहे. तू काही विचारू नकोस. ठेवून घे.

त्यांना रात्री जेवणात तिखट कमी दे. मागू लागले तरी देऊ नकोस. जपून राहा, दोघेही.

सुनंदाआक्का

*

पिरनवाडी
ता. १७ मार्च १९८७

सौ. जयाबाई व चि. सुनंदा यांना,
भीमाप्पाचा जयभीम. पत्र कृष्णात लिहितोय, सांगतोय म्या.

म्या खुशाल हाय. पोरगं वाळलंय, पर हाडं बरी हाईत. गाडीत कंडक्टरनं डबं हुंगून बघितलं आन् इचारलं, म्हाताऱ्या, दही हाय का? म्या म्हणलं, व्हय, खाऊन बघ. तवा मागच्या बाकड्याला जागा दिली.

वकिलाचं घर मोठं हाय. आमच्या तरुणपणी असल्या घरात आमी मागच्या दारानं जायचो, भिंत बांधायचो आन् मागच्या दारानं यायचो. आवंदा वकिलाच्या म्हातारीनं फुडच्या दारानं आत घेतलं आन् घरातल्याच कपात चहा दिला. म्या कप धुवाय उचलला, तर घेऊ दिला न्हाय. किस्ना म्हणतोय, हे लिव्हू का? म्या म्हणलं, हेच लिव्ह.

भिंत समदी टोचून काढली, दोन दीस पाणी पाजलं. चुना लोण्यावानी झालाय. गूळ सांकेश्वरचा मागिवला. किस्नाचा हात पयल्यापरीस हलका झालाय. कोपरा मारायला तर माज्यापरीस सरस हाय, पर त्याला सांगायचं न्हाय. (आप्पा, मीच लिहितो आहे. — कृ.) ठावं हाय मला.

ह्याला एक वाईट खोड लागलीया. लावली की वाजीव, लावली की वाजीव. माल ओला असताना टाइल वाजवली तर ती सुटंल का ऱ्हाईल? म्या त्याचं नाणं काढून घेतलं आन् म्हातारीकडं दिलं. आता बोटाच्या नखानं वाजिवतोय. (हे एकदाच झाले. — कृ.) तीनदा.

खिडकीखालच्या त्या कोरड्या टाइल्स म्या बघितल्या. किस्ना माल कालवत हुता तवा गुपचूप छिन्नी घातली. माज्यानंबी निघंना. लई येळ बघितलं. त्या तशाच ऱ्हाऊ दिल्या, फुटल्याली तेवढी हळूच कापून काढली आन् तिथं चुन्यावर दुसरी बसिवली. आता एकाच भिंतीत चुना आन् पावडर दोगं ऱ्हातील. भांडत्यात का बघू.

काल शिमगा झाला. तो ठेकेदार न्हाणीघराच्या दारात येऊन उभा ऱ्हायला, आत बघत. किस्ना खाली मान घालून टाइल लावत ऱ्हायला, म्हणून म्याच बोललो. म्हणलं, पावणं, उजेड सोडा, पोरगं कामात हाय.

जयाबाई, हौदावर पाणी वतायला इसरू नगं. समद्यांनी जीव सांभाळून ऱ्हावं.

भीमाप्पा
हस्ते कृष्णात

*

पिरनवाडी
ता. २२ एप्रिल १९८७

ती. आप्पा, ती. काकी व ती. आक्का यांना,
कृष्णातचा सविनय जयभीम. वि. वि.

आप्पा निपाणीस सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. येथील बातमी अशी की विद्युल्लताताईंना मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. काल बाळंतिणीची न्हाणीघरात पहिली अंघोळ होती, म्हणून वकीलीणबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतले. पुरुषमाणसाचे तिथे काय काम, पण त्या म्हणाल्या, तू घरी बसून काळजीने मरशील, त्यापेक्षा अंगणात बसून कर.

पहाटे बंब पेटला. पाणी ओतल्याचा आवाज, सुईणीचे बोलणे आणि बाळाचे रडणे, सगळे बाहेर ऐकू येत होते. मी फक्त एका आवाजाकडे कान लावून होतो. तो आला नाही. बंब विझला, वाफ गेली, तेव्हा बाईंनी मला आत बोलावून चारी भिंती दाखवल्या. पट्टी जागच्या जागी होती, टाइल्सवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. बाईंनी माझे नाणे परत दिले. मी एकही टाइल वाजवली नाही. खिशात घातले. आप्पा, हे खरे आहे, आक्काला वाटेल मी खोटे लिहितो.

शरदरावही आले आहेत. त्यांना मी सगळे सांगितले, तेव्हा ते उलट माझीच क्षमा मागायला लागले की भिजवायचे नाही हे सांगायला हवे होते. आम्ही दोघे किती वेळ एकमेकांची क्षमा मागत होतो, शेवटी वकीलसाहेब म्हणाले, आता पुरे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही घरी माझे नाव कळवले आहे. एकाकडे पुढच्या आठवड्यात भिंत बघायला जायचे आहे.

आपण गेल्यापासून खोली मोठी वाटते. आपली कृपादृष्टी असावी.

आपला,
कृष्णात

*

निपाणी
ता. ५ मे १९८७

चि. कृष्णात यास,
आशीर्वाद व जयभीम. नाणे खिशात घातलेस यावर मी विश्वास ठेवते. खिशात हात घालून बोटांनी वाजवले नसशील तर.

बाळाची बातमी ऐकून आईने गूळ वाटला. आता आप्पा सांगतात ते लिहिते. मी मध्ये बोलणार नाही.

किस्ना, हितं निपाणीत एका डॉक्टरीणबाईनं बाळंतपणाचा नवा दवाखाना काढलाय. तिला भिंतीला टाइल्स लावायच्यात आन् तीच पावडर पायजे, म्हणती पुण्यात बघितलीया. निपाणीत कुणालाच ती येत न्हाय. म्या गेलतो तिच्याकडं. म्हणलं, बाई, माज्या पोराला येतीया. तिनं इचारलं, त्यानं आधी केलंय का? म्हणलं, केलंय, समदं खाली पडलंय. आता त्याच्याइतकी ती पावडर कुणालाच कळत न्हाय. बाई हसली आन् काम दिलं. तुज्या नावानं दिलंय, माज्या न्हाय.

बेळगावची ती घरं बघून, त्यांचं काम संपवून ये. दवाखान्याला घाई न्हाय, छप्पर अजून व्हायचंय. तवर म्या हितं टाइल्सचं एक खोकं मागून आणलंय, हात बसवायला. पर काय सांगू, टाइल हातात घेतली की हात आपसूक बादलीकडं जातोय. सुनंदा वरडती, आप्पा, कोरडी, कोरडी. तरी काल दोन बुडाल्या. पन्नास वर्सांचा हात हाय, माजं ऐकत न्हाय. म्हणून सांगतो, काम तू कर, म्या तुज्या हाताखाली येतो. शेजारी उभा ऱ्हा. माजा हात पाण्याकडं गेला, की धर.

आप्पांचे संपले. तू कधी येतोस ते कळव, म्हणजे त्या दिवशी आई ताजी आमटी करील. तोवर सगळ्यांचा जीव तुझ्याकडे आहे असे समज.

तुझी,
सुनंदाआक्का